सेहेचाळीस नंबर

चार महिने मी इस्त्रीच्या टेबलावर काम केलं.
ब्रॅडफर्डच्या तीन दंतवैद्यांचे हिशेब:
कुणाची दाढ, कुणाचा रूट कॅनाल, कुणाची थकबाकी.
एन्टर दाबलं की सगळं असं डुलायचं
की मॉनिटर मान हलवायचा, हो, हो, हो.

श्रीरंग म्हणाला, वर-खाली होणारं घे,
बटण दाबलं की उठतं, बटण दाबलं की बसतं.
म्हटलं, हेही होतं की वर-खाली,
खालची कडी दाबून, बोटं सांभाळून.

जागा एवढीच: धुराड्याच्या भिंतीशेजारचा कोनाडा.
शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजला.
खाली एकशे बारा, वर एकशे नऊ.
हॅलिफॅक्सच्या थंडीत शंभर वर्षं उभं राहून
घरानं जरा अंग चोरलेलं.

मग लीड्सला गेलो. दुकानात मांडलेल्या बारा खोल्या,
बारा टेबलं, त्यांच्यावर पुठ्ठ्याचे कॉम्प्युटर.
टिचकी मारली, पोकळ.
मी प्रत्येकापाशी बसले, कोपर काटकोनात,
फिजिओच्या बाईंनी बजावल्याप्रमाणे.
एक गुडघ्याला लागलं.
एकाचा खण उघडेना. तो खण नव्हताच,
फळीवर कोरलेली रेघ होती नुसती.
एक मात्र आवडलं. अक्रोडी, ऐसपैस, बाकदार पायांचं.
ते एकशे चाळीस.
तरी मी पुन्हा मोजलं,
जसं काही दुसऱ्यांदा विचारलं की आकडा नरमेल.
गळ्यात पट्टी अडकवलेला कोवळा विक्रेता म्हणाला,
घरून नक्की काय काम करता आपण?
म्हटलं, लोकांचे दात मोजते.
त्यानं तोंड मिटून घेतलं.

परत आलो तर शेजारी सेहेचाळीसला
डोरीन नवं दार बसवून घेत होती. पांढरं, प्लास्टिकचं.
जुनं कचऱ्याच्या डब्यांना टेकून उभं,
गडद हिरवं, सपाट,
घरात घ्यावं की नाही असं कुणीतरी ठरवेपर्यंत
पाहुण्यानं उभं राहावं तसं.
दर हिवाळ्यात फुगायचं मेलं, डोरीन म्हणाली,
खांदा लावायला लागायचा. आता खांदाच राहिला नाही.
गुरुवारी कौन्सिलची गाडी येईल.

टेप माझ्या खिशातच होती.

रुंदी चौऱ्याऐंशी. उंची दोनशे तीन,
पण उंची कापता येते.
श्रीरंगनं अंगणात करवत चालवली,
रेघ माझी सरळ होती, कापणं त्याचं.
वरचा भाग आम्ही ठेवला, एकशे आठचा,
टपालाची फट आणि पितळी आकड्यांसकट.
खालचा तुकडा, कुत्र्याच्या नखांचे ओरखडे असलेला,
कापून झाल्यावर डोरीननं परत मागितला.
काय करणार, ते आम्ही विचारलं नाही.

खाली दवाखान्यानं काढून टाकलेली
फायलींची दोन लोखंडी कपाटं.
आता मी दारावर काम करते.
(दारावर म्हणजे दारात बसून नव्हे,
हे आईला फोनवर दोनदा समजवावं लागलं.)
मॉनिटरच्या पायाखाली सहा झाकला गेलाय,
चार दिसतो. बेरजा करताना कधी कधी
उगाच चार धरले जातात.
सगळ्या वायरी टपालाच्या फटीतून खाली सोडल्यात,
झडप त्यामुळे पुरती मिटत नाही.
डुलत काहीच नाही. मनगट दुखतं, पण कमी.

शनिवारी डोरीन बघायला आली.
खुर्ची दिली तर बसली नाही.
बोटानं झडप उचलली, वाकून आत पाहिलं,
सवयीनं असेल.
वायरींचं जंजाळ, माझ्या चपला.
झडप हळूच सोडली, वाजू न देता.
इथे फुगत नाही ना, म्हणाली.
म्हटलं, नाही.
हीटर बंद झाला की रात्री
एकदा करकरतं, तेवढंच.